एका कोपऱ्याची घडी

मॅडम ज्या गल्लीतून बाजारात जात, त्याच गल्लीतून परत येत. तसं सगळेच करतात. पण मॅडम जाताना ज्या दुकानांपाशी थांबत, त्या सगळ्या दुकानांपाशी येतानाही थांबत, उलट्या क्रमाने. जाताना पानवाला, किराणावाला, मग मासळीबाजार. येताना किराणावाला, मग पानवाला. घ्यायचं काही नसे. थांबायचं, चष्मा वर करायचा, आल्याची खूण द्यायची आणि पुढे निघायचं. पानवाला मला म्हणायचा, तुमच्या मॅडम पान कधी घेत नाहीत, हजेरी मात्र दोनदा लावतात.

एकदा रिक्षावाल्याने येताना गर्दी चुकवायला दुसरा रस्ता धरला. मॅडमनी रिक्षा थांबवली, मला उतरवलं, आणि जिथून नेहमीचा रस्ता सुटला होता तिथपर्यंत आम्ही दोघी पापलेटांची पिशवी घेऊन उन्हातून मागे चालत गेलो. तिथून पुन्हा सरळ घरी. रिक्षावाला सगळा वेळ आमच्या मागून हळूहळू येत होता. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय आणि उद्या पोलीस आपल्यालाच विचारतील, अशी त्याला भीती वाटत असावी.

जेवणही तसंच. आधी लोणच्याची चव, मग भात, मग भाजी, मग पुन्हा भात, शेवटी पुन्हा लोणचं. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जेवताना मधेच शिरा आणून वाढला. मॅडम म्हणाल्या, आता हा मधोमध आला, म्हणजे जेवण अर्धंच झालं. आणि त्या शिऱ्यापासून उलट्या क्रमाने पुन्हा लोणच्यापर्यंत जेवल्या.

लोक त्यांना वेडं म्हणत नसत. त्या उंच होत्या, आवाज खणखणीत होता, आणि समोरच्याला आधी त्याच वेड्यात काढत. भर रस्त्यात एखाद्या माणसाला थांबवून सांगत, "तुमच्या शर्टाचा खिसा चुकलाय." तो माणूस खिसा चाचपून बघे, पाकीट जागेवर असे. मग मॅडम बोटाने दाखवत: शर्टाच्या रेघा खिशाच्या कडेला तुटल्या होत्या, खिशातल्या रेघा भलतीकडे गेल्या होत्या. "शिंप्यानं कापड वाचवलं आणि तुम्हाला रोज असं हिंडायला लावलं," त्या म्हणत. काही माणसं हसत. काहींनी नंतर तो शर्ट घालणंच सोडलं, हे मला पानवाल्याकडून कळलं.

मॅडम बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. पनवेलमध्ये त्यांच्या समाजाची घरं आता मोजकीच उरली आहेत. भाऊ, चुलत्या, शेजारी सगळे एकेक करून इस्राएलला गेले. मॅडम गेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, तिकडे मराठीत भांडायला कोण आहे. ठाण्याला राहणारी त्यांची भाची त्यावर म्हणे, मावशी, तिकडे आपली माणसं मराठीतच भांडतात. मॅडम तिला म्हणत, मग ती तिकडे खूष आहेत, त्यांच्यात मी कशाला जाऊ.

तरुणपणी त्या मुंबईच्या एका कापड गिरणीत चौकड्या काढायच्या खात्यात होत्या. तिथे एका कपाटात कुणा जुन्या साहेबाने ठेवलेले स्कॉटलंडच्या लोकरी कापडाचे तुकडे होते. स्कॉटलंड हा थंड देश, आणि तिथे म्हणे प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे शाल बघतात, असं मॅडम सांगत. त्यातलं निम्मं व्यापाऱ्यांनी मागाहून रचलं, हेही त्याच सांगत. पण चांगलं रचलं, म्हणून टिकलं. गिरणी बंद झाली तेव्हा लोकांनी भांडी, घड्याळं, खुर्च्या उचलल्या. मॅडमनी नमुने विणायचा लहान हातमाग मागितला. तो त्यांच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये हॉलच्या बरोबर मध्यावर बसवला होता. सोफा नव्हता. पाहुणा आला की स्टुलावर बसे आणि मागाच्या दोऱ्यांमधून मॅडमशी बोले.

मी त्यांच्याकडे आले ती कांड्या भरायला. कांडी म्हणजे धोट्यात, आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, बसते ती दोरा गुंडाळलेली लहान नळी. वरच्या वहिनींनी माझं नाव सुचवलं होतं. माझं माहेर ओवे गावचं, चौथीनंतर शाळा सुटली, आणि मला बोलायची सवय नाही. घरी नवरा बोलतो, सासू बोलते, दोघांचं झालं की दिवस संपतो. मॅडमना हे फार आवडलं. पहिल्याच आठवड्यात त्या वहिनींना म्हणाल्या, बाई चांगली दिलीत, हिच्या तोंडापेक्षा हिचे डोळे जास्त चालतात.

शिकवायची त्यांची रीत निराळी होती. कागद नाही, पेन्सिल नाही. कुल्फीच्या काड्या धुऊन वाळवून ठेवलेल्या असत. ज्या क्रमाने रंग यायचे त्या क्रमाने काडीवर दोरे गुंडाळायचे, हिरवा रुंद, काळा अरुंद, पांढरी एकच रेघ. काडी हातात घेतली की चौकडी वाचता येई. स्कॉटलंडचे विणकर पूर्वी असंच करत, असं मॅडमनी कुठेतरी ऐकलं होतं. खरं असो नसो, मला ते जमलं. मॅडमनी ओळखीच्या प्रत्येकाची एक काडी केली होती. किराणावाल्याची करडी आणि तांबूस, भाचीची लाल आणि जांभळी. पानवाल्याची हिरवी असेल असं सगळ्यांना वाटे, ती निळी होती. "हिरवा तो विकतो," मॅडम म्हणत, "स्वतः तसा नाहीय."

वरच्या वहिनी आगरी. त्यांची गव्हाण गावाकडची जमीन प्रकल्पात गेली आणि त्या बदल्यात आता चारचाकी आणि दोन गाळे आहेत. त्या जिन्यात भेटल्या की विचारत, "आंटी, माजी चौकडी कवा व्हायाची?"

"झालीये कधीच. मागाची रुंदी पुरत नाही."

"जाडी नाय ओ मी. जमीनदारीण हाय."

"तेच म्हणतेय. सात-बाराच मोठा आहे," मॅडम म्हणत. वहिनी जिन्यातच बसून हसत.

चौकडीचं एक साधं तत्त्व आहे. उभे दोरे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच बाण्यात ठेवायचा. मग चौकोन बरोबर बसतात. यात मॅडमची एक अट असे. रंग एका टोकाकडून निघून मधल्या रेघेपर्यंत यायचे आणि तिथून आल्या पावली मागे फिरायचे. तांबडा, करडा, जांभळा, मग पांढरी रेघ, मग जांभळा, करडा, तांबडा. हिला त्या वळणारी चौकडी म्हणत. त्यामुळे काडीवर अर्धीच नक्षी गुंडाळावी लागे, उरलेली अर्धी आपली आपण परत यायची. न वळणाऱ्या चौकड्याही असतात. त्यात रंग पुढेपुढेच जातात, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तशी मॅडमनी कधी विणली नाही. त्या म्हणत, ते घर विसरलेलं कापड.

कापड बरोबर आहे की नाही हे त्या घडीवरून ठरवत. चौकोनी शाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी दुमडायची. वरच्या पदराच्या रेघा खालच्या रेघांना कडेवर अचूक भेटल्या पाहिजेत. ही परीक्षा त्या कुणाच्याही कापडाची घेत. एकदा आम्ही मोरा बंदरावर गेलो होतो, त्यांना धक्क्यावर बसून लाँच बघायची होती. तिथे एका म्हाताऱ्या कोळीदादांच्या खांद्यावर लाल चौकडीचा रुमाल होता. मॅडमनी तो मागून घेतला, मांडीवर तिरका दुमडला आणि मान हलवली.

"दादा, तुमचा रुमाल चौकोनी नाही."

दादा म्हणाले, "बाय, माज्या डोक्याला त्यानं कदी सांगितला नाय."

मॅडमनी रुमाल नीट घडी करून परत दिला आणि घरी येईपर्यंत मधेमधे हसत होत्या.

त्यांचे डोळे कधी बिघडायला लागले ते नेमकं सांगता येणार नाही, कारण त्या सांगत नव्हत्या. काळा दोरा उजवीकडच्या टोपलीत आणि निळा डावीकडच्या, असं त्यांनी मला एकदा बजावलं. टोपल्यांची जागा बदलायची नाही. मला वाटलं ही आणखी एक लहर. मग एकदा त्यांनी मला विचारलं की आज ढग आलेत का, आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

भाचीला कळलं ते चपलांवरून. ती बँकेत आहे, रविवारी येते. त्या रविवारी दोघी बाहेर जायला निघाल्या, तेव्हा मॅडमच्या एका पायात काळ्या पट्ट्याची चप्पल होती आणि दुसऱ्यात निळ्या. दुसऱ्या कुणाच्या पायात असत्या तर भाची हसली असती. ती हसली नाही, दारातच खाली बसली. मग दोघी घरात आल्या. मी कांड्या भरत होते, उठून जायला लागले, पण मॅडमनी हाताने बस म्हणून सांगितलं.

भाचीचं म्हणणं साधं होतं. मावशीने ठाण्याला यायचं, तिच्याकडे राहायचं. ब्लॉक बंद ठेवायचा. माग कुणाला हवा असेल तर द्यायचा, नाहीतर भंगारात. उद्या रस्त्यावर पडलीस तर इथे बघायला कोण आहे, असं ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, पानवाला आहे. भाची म्हणाली, मावशी, थट्टा नको. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे, मी फोन करून विचारलंय.

मॅडम बराच वेळ मागाच्या लाकडावर बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी पैज लावली. एक नवीन शाल विणते, म्हणाल्या, आजवर कधी न केलेल्या चौकडीची. सगळी गडद. पुढच्याच्या पुढच्या रविवारी तू ये आणि घडी घालून बघ. तुला चूक सापडली तर मी बॅग भरते. नाही सापडली तर ठाण्याचं नाव काढायचं नाही.

"आणि विणणार तूच," भाची म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. तिचंही चुकत नव्हतं.

"मीच. ही कापडाला हात लावणार नाही."

भाचीने कबूल केलं. गिरणीच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलगी, तिला कापड बघता येतं. मॅडम गेल्या तर माग जाणार होता. त्या मागावर मी रोज दुपारी बसत होते. घरात माझं असं काही असेल तर ती एक दुपार होती.

तो आठवडा मॅडमनी मला कामाला बोलावलंच नाही. रंगीत दोऱ्याच्या बॉबिना, म्हणजे रिळं, चौकटीवर लावणं, ताणा गुंडाळणं, मागावर चढवणं, सगळं एकट्याने केलं. मी गेले ती शुक्रवारी दुपारी, कांड्या भरायला तेवढं ये म्हणून निरोप आला तेव्हा. शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आधी मागावर चादर पडे, ती शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत निघत नसे. हा त्यांचा नियम कधी मोडलेला मी पाहिला नाही. मी पोहोचले तेव्हा त्या चादर शोधत होत्या. गॅलरीतून तिरपं ऊन ताण्यावर आलं होतं आणि दोरे चमकत होते. मला चौकडी दिसली. काळा, हिरवा, निळा, पिवळी रेघ. आणि रेघेच्या पलीकडे, जिथे पुन्हा निळा यायचा, तिथे काळा.

मी पुढची पट्टी बघितली. तिथेही तेच. शेवटपर्यंत तेच. बॉबिना चौकटीवर एकदाच लावतात आणि त्याच लावणीने सगळ्या पट्ट्या निघतात. त्यामुळे एका जागी चुकलेला रंग शालभर चुकला होता. मॅडम चादर घेऊन आल्या, ताण्याकडे बघून म्हणाल्या, "कसा वळलाय बघ." आणि चादर टाकली.

शनिवारभर मी घरी होते. सासूने विचारलं, तोंड का पाडलंयस. मी म्हटलं, काही नाही. बोलले तर मॅडमना त्यांच्या डोळ्यांचं खरं कळणार होतं, माझ्या तोंडून. गप्प राहिले तर भाचीला ते पहिल्या घडीत कळणार होतं. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं ठरायला मला रविवारची सकाळ उजाडली.

मी गेले तेव्हा त्या मागावर बसून पहिली कांडी धोट्यात घालत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, थांबा."

त्या थांबल्या. मी त्यांना कधी थांबा म्हटलं नव्हतं.

मी त्या चौकडीची काडी घेतली आणि ताण्याजवळ धरली. पिवळ्या रेघेच्या अलीकडे निळा आहे आणि पलीकडे काळा आहे, असं सांगितलं. एवढंच. मला दुसरं काही सांगता आलं नसतं.

त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली. ताण्यावर वाकल्या, इतक्या की चष्मा दोऱ्यांना लागला. मग उठल्या, काळ्याची आणि निळ्याची एकेक बॉबिन घेऊन गॅलरीत गेल्या, उन्हात धरल्या, हात बदलून पुन्हा धरल्या. मी आतच उभी राहिले. त्या परत आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही बॉबिना माझ्यापुढे केल्या.

"काळा कुठला?"

मी दाखवला. त्यांनी तो बघितला नाही, माझ्याकडे बघितलं.

"मी तुला हात लावायचा नाही म्हटलं होतं. बोलायची मनाई नव्हती," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी का नाही बोललीस?"

"तुम्ही चादर टाकलीत."

हे त्यांना पटलं. त्या स्टुलावर बसल्या आणि मला चहा ठेवायला सांगितलं. ताणा उतरवून पुन्हा चढवायचा तर सगळा आठवडा जाणार आणि पुन्हा त्याच डोळ्यांनी चढवायचा, हे दोघींनाही माहीत होतं. चहाचा कप खाली ठेवताना त्या एकदम ताठ झाल्या. गिरणीत असताना अशा दिसत असतील.

"उभ्यात झालंय तेच आडव्यात करू," त्या म्हणाल्या. "रेघेच्या एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला काळा. दोन्हीकडे तोच क्रम झाला की चौकोन बसतील. ही चौकडी वळणार नाही. न वळू दे. घडी जुळेल."

मी मनात शाल घडी करून बघितली. एका कोपऱ्याने घडी घातली तर उभा निळा आडव्या निळ्यावर येत होता, काळा काळ्यावर. दुसऱ्या कोपऱ्याने घातली तर निळ्यावर काळा येत होता. वळणारी चौकडी दोन्ही कोपऱ्यांनी जुळते. न वळणारी एकाच कोपऱ्याने.

"दोन्ही कोपऱ्यांनी?" मी विचारलं.

"तू फार बोलायला लागलीस," मॅडम म्हणाल्या आणि मागावर चढल्या.

त्या आठवड्यात मी रंग सांगितले आणि त्यांनी विणलं. मी कापडाला बोटही लावलं नाही. कांडी द्यायची, रंग मोठ्याने म्हणायचा: हिरवा, आता निळा, आता पिवळी रेघ, आता काळा. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. वरच्या वहिनी खाली येऊन विचारून गेल्या की रोज दुपारी कसला बाजार भरतोय. मॅडमचे हात जराही अडत नव्हते. धोटा या बाजूने त्या बाजूला जात होता, दोरे घट्ट बसवणारी फणी दोनदा आपटत होती, आणि कापड सरळ उतरत होतं. मी त्यांचं इतकं चांगलं काम आधी पाहिलं नव्हतं. गुरुवारी शाल मागावरून उतरली. मॅडमनी ती बोटांनी चाचपली, एका कोपऱ्याला बारीक टाका घालून खूण केली आणि मला म्हणाल्या, हा कोपरा वर.

भाची रविवारी सकाळीच आली. तिने चहा नको म्हटलं, आधी शाल. मॅडमनी शाल आणून तिच्या हातात दिली, खुणेचा कोपरा वर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझे हात ओले होते, मी ते पुसायचं विसरले होते.

भाचीने घाई केली नाही. काठ बघितले. उजेडाकडे धरून तुटलेला दोरा शोधला. उलट बाजू बघितली. मग पलंगावर शाल पसरली, वरचा कोपरा धरला, तिरका खाली आणला. पदर पदरावर बसला. तिने कडेला बोट लावून बघितलं, वरपासून खालपर्यंत. निळ्यावर निळा, काळ्यावर काळा, पिवळ्यावर पिवळी. सगळ्या रेघा भेटल्या होत्या.

मॅडमच्या चौकड्या वळतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दुसरा कोपरा तिने धरला नाही. मावशीचं कापड एकदा जुळलं की दुसऱ्यांदा बघायचं नसतं, ही त्यांच्या घरातली सवय होती आणि तिने ती पाळली.

"जुळली," ती म्हणाली. ती हरल्याचं तिला वाईट वाटत होतं की मावशी जिंकल्याचं बरं वाटत होतं, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "ठीक आहे मावशी. मी ठाण्याचं नाव काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमनी मला चहा आणायला सांगितलं. तिघींनी चहा घेतला. वरच्या मजल्यावर वहिनींचा टीव्ही लागला होता. मॅडमनी कप सावकाश संपवला, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "आता दुसऱ्या कोपऱ्यानं घाल."

भाचीने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठली, शाल पुन्हा पसरली, दुसरा कोपरा धरून दुमडली. निळ्यावर काळा आला. काळ्यावर निळा. कडेला निळ्या-काळ्याची एकही रेघ भेटत नव्हती.

तिने हात शालीवरच ठेवला. "ही वळत नाही," ती म्हणाली. "तू कधी अशी विणत नाहीस. मावशी, तू मला फसवलंस."

"फसवलं कुठे? चूक होती. तुला शोधायची होती. सापडली नाही. पैज मी जिंकले."

"बरं. जिंकलीस. मग हे आता कशाला दाखवलंस?"

मॅडमनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसायचा.

"बॉबिना मी लावल्या. काळा आणि निळा मला सारखाच दिसतो, गॅलरीतल्या उन्हातही. हे हिनं पाहिलं आणि हिनं सांगितलं. पुढच्या खेपेला मी हिरवा आणि तांबडा चुकवीन. त्या आधी गेलेलं बरं. मी येते ठाण्याला."

भाची म्हणाली, "हेच मी दोन आठवड्यांपूर्वी म्हणत होते."

"हो. तेव्हा हरून आले असते तर तू मला नेलं असतंस. आता मी येतेय."

हे ऐकून भाची रडायला लागली, आणि रडता रडता तिला हसूही आलं. मॅडमनी तिला रुमाल दिला नाही. त्या अटी सांगत होत्या. माग इथून हलणार नाही. ब्लॉक बंद राहणार नाही, किल्ली हिच्याकडे राहील. भाचीने मान हलवली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तू रोज येशील?"

घरी काय म्हणतील, कुणाला विचारायला हवं, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हटलं, "येईन."

लगेचच्या बुधवारी त्या गेल्या. बॅग एकच होती. शाल त्यांनी माझ्याकडे ठेवली नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकली, उन्हाळा असूनही.

घरी मी सांगितलं तेव्हा नवरा बोलला, सासू बोलली, दोघांचं झाल्यावर मीही बोलले. आता दुपारी मी ब्लॉक उघडते, खिडक्या उघडते आणि मागावर बसते. शाळेच्या एका मुख्याध्यापिकेने बँडच्या मुलांसाठी खांद्यावरची कापडं मागितली आहेत, ती चालू आहेत. वहिनींची शाल झाली. रुंदी पुरली. त्या ती घालून साखरपुड्याला गेल्या आणि सगळ्यांना सांगून आल्या की हिच्यासारखी दुसरी नाय.

मॅडम रोज जेवणाआधी फोन करतात. भाचीच्या इमारतीत वर जायला एक लिफ्ट आणि खाली यायला दुसरी आहे, याची त्यांना अजून सवय झालेली नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, मागावर काय चढवतेयस. मी रंग सांगितले, क्रमाने. चिंचेच्या सालीसारखा तपकिरी, मग पांढरा, मग गडद लाल, मग एक बारीक हिरवी रेघ. त्या फोनवर ऐकत होत्या. तिकडे भाचीच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"आणि इथून वळते?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "इथून पुढे राखाडी येतो."

त्या मनात रंग लावून बघत असाव्यात.

"राखाडी चालेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढे काय?"

"ते अजून ठरवलं नाही. राखाडीच्या बॉबिना लावून झाल्या की बघते."